लाल चकचकीत घेऊ की धूळ खात पडलेली? पहिलीच इटालियन गाडी, मदत करा

नवा_पाना

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लहानपणापासून डोक्यात अल्फा रोमिओ स्पायडर आहे. आता थोडे पैसे साठलेत, गाडी ठेवायला जागा आहे, आणि घरच्यांनी "कर बाबा एकदाचं" असं म्हटलंय (हे लेखी घ्यायला हवं होतं). हाताने काम करायची तयारी आहे पण अनुभव म्हणाल तर ऑइल बदलणं, ब्रेक पॅड बदलणं आणि एकदा स्कूटरचा कार्बोरेटर साफ करून परत जोडताना एक स्प्रिंग उरली होती, एवढाच.

दोन गाड्या नजरेत आहेत, दोन्ही मागून कापल्यासारख्या शेपटीच्या, म्हणजे १९७० नंतरच्या, दोन्ही २००० सीसीच्या.

पहिली १९७४ची. लालभडक, नुकताच रंग मारलाय, सीट नवीन, मालक म्हणतो इंजिन पण "पूर्ण खोलून केलंय". चालवून बघितली, आवाज ऐकून अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

दुसरी १९७३ची, आठ वर्षं गॅरेजात उभी. रंग उडालाय, कापडी टप फाटलाय, डॅशबोर्डला तडे. पण मालक म्हणतो एकही भाग इकडचा तिकडे नाही. ही अमेरिकेत विकली गेलेली गाडी आहे, त्यामुळे कार्बोरेटरच्या जागी स्पिका नावाचं इंजेक्शन आहे. चालू होत नाही.

मन अर्थातच लालकडे ओढतंय. घेऊन टाकू का? आणि बघायला जाताना नक्की काय बघायचं?

---

तेलकट_हात

स्वागत. आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घे, तू इंजिन विकत घेत नाहीयेस, तू पत्रा विकत घेतोयस. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं नट-बोल्टने लागलेलं असतं, काढता येतं, दुरुस्त होतं, नाहीच झालं तर दुसरं बसतं. पण स्पायडरला वर छप्पर नाही, त्यामुळे सगळा भार खालच्या पत्र्यावर, आणि खालचा पत्रा गेला की गाडी मधून वाकते. अक्षरशः.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे दाराखालचा उंबरठा, ज्याला सिल म्हणतात. बाहेरून एक पत्रा दिसतो पण तो तीन थरांचा असतो, बाहेरचा, मधला आणि आतला. मधला आणि आतला सडला तरी बाहेरून नवीन पट्टी डकवून, पुट्टी भरून, लाल रंग मारून सगळं गुळगुळीत करता येतं. माझ्या गाडीत मी बाहेरचा थर कापला तेव्हा मधल्या थराच्या जागी वर्तमानपत्राचा बोळा आणि त्यावर फायबर निघालं. वर्तमानपत्र मात्र चांगल्या स्थितीत होतं, बातमी वाचता आली.

आता बघायचं कसं. एक साधं चुंबक घे, फडक्यात गुंडाळ म्हणजे रंगाला ओरखडा येणार नाही, आणि उंबरठे, चाकांच्या कमानी, दाराचा खालचा भाग, नाकाचा खालचा भाग इथून हळूहळू फिरव. जिथे चुंबक सुटून पडतं तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग डिकीतला गालिचा उचल, स्पेअर चाक बाहेर काढ, त्याच्या खोबणीचा तळ बघ. सीटच्या मागे टपाची खाच असते, तिथलं पाणी बाहेर जायला नळ्या असतात, त्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी आत मुरतं. पायाखालचे मॅट उचलून बघ, ओलसर वास आला की समज.

आणि शेवटची परीक्षा. दार बंद असताना दार आणि मागचा पत्रा यांच्यामधली फट बघून ठेव. मग मालकाच्या परवानगीने एका बाजूने जॅक लाव आणि तीच फट परत बघ. फट बदलली, किंवा दार उघडून परत लागताना घासायला लागलं, तर तिथल्या तिथे चहा पिऊन निघून यायचं.

---

वेबर४०

पत्र्याबद्दल +१, पण तेलकटराव इंजिनकडे अगदीच दुर्लक्ष करायला सांगू नका हो, नवीन माणूस आहे.

ही ट्विन कॅम मोटर म्हणजे दागिना आहे. ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियम, कॅम (झडपा उघडणारे दोन दांडे) फिरवायला साखळी. फियाट १२४ स्पायडरसारखा पट्टा नाही, त्यामुळे पट्टा तुटेल ही धास्ती नाही. काळजी घेतली तर खूप चालतं. पण बघायला जाशील तेव्हा मालकाला आधीच सांग की इंजिन थंड ठेवा. पोचलास आणि बॉनेट गरम लागलं तर विचार की का. थंड इंजिन चालू होताना निळा धूर किती वेळ राहतो, ऑइल प्रेशरचा काटा किती पटकन वर येतो, सगळं तेव्हाच कळतं. रेडिएटरचं झाकण उघडून (थंड असतानाच, नाहीतर तोंड भाजेल) पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघ, ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर आहे का बघ. हेड गॅस्केटमध्ये तेलाच्या वाटांभोवती छोट्या रबरी रिंगा असतात, त्या म्हाताऱ्या झाल्या की तेल झिरपतं. बाहेर थोडं ओलं असेल तर घाबरू नकोस, पाण्यात तेल असेल तर घाबर.

गिअरबॉक्स पाच गिअरचा, हातात घेतला की प्रेमात पडशील, पण दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी रिंग) हा या गाड्यांचा जुनाच आजार. तिसऱ्यातून दुसऱ्यात जरा पटकन टाकून बघ. खर्रकन आवाज आला तर भाव पाड. तेल थंड असताना थोडा अडखळतो, ते सगळ्यांचंच होतं, तेवढ्यावरून नापास करू नकोस.

लालच्या कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधे रबरी माउंट असतात, त्यांना तडे गेले की बाहेरची हवा आत घुसते आणि गाडी मिसिंग मारते. लोक मग महिनोन् महिने कार्बोरेटरमधले पेट्रोलचे जेट बदलत बसतात. आधी ते बघ.

आणि दुसरी गाडी घेतलीस तर ते स्पिका उपटून फेक आणि दोन वेबर कार्बोरेटर लाव. प्रश्न मिटला.

---

गॅस्केटताई

वेबरभाऊ, नावातच पक्षपात आहे तुमच्या, म्हणून सोडून देते. पण नवीन माणसाला पहिल्याच दिवशी "उपटून फेक" सांगू नका.

स्पिका म्हणजे यांत्रिक इंजेक्शन, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. क्रँकवरून, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरून, एका दातेरी पट्ट्याने पंप फिरतो, आत प्रत्येक सिलिंडरसाठी एकेक बारीक दट्ट्या, तो मोजून पेट्रोल देतो. अल्फाने अमेरिकेतल्या धुराच्या नियमांसाठी १९६९ पासून लावलं आणि १९८१ पर्यंत ठेवलं, १९८२ पासून बॉशचं इलेक्ट्रॉनिक आलं. पंप सहसा वाईट नसतो. बदनामी होते ती त्याला चिकटलेल्या एका तुकड्यामुळे, थर्मोस्टॅटिक अॅक्च्युएटर. इंजिन गरम झालं की तो पंपाला सांगतो "आता पेट्रोल कमी दे". तो मेला की पंपाला वाटतं इंजिन अजून गारठलेलंच आहे, आणि तो ओततच राहतो. गाडी काळा धूर सोडते, पेट्रोल पिते, मालक वैतागून सगळंच काढून टाकतो. मी तेवढा एक तुकडा बदलला, फिल्टर बदलले, जोडणीचे दांडे मापात लावले, त्यानंतर गाडी सुतासारखी सरळ झाली.

पण पाना, तुझ्यासाठी यातली खरी धोक्याची गोष्ट वेगळी आहे. आठ वर्षं उभ्या गाडीच्या टाकीत जे काही असेल ते आता पेट्रोल राहिलेलं नाही. त्यात पाणी, गंज, वार्निशसारखा चिकटा. ते पंपात गेलं तर ते बारीक दट्टे अडकतात आणि मग मात्र खरंच पंप जातो. त्यामुळे मालक "थांबा, बॅटरी लावून स्टार्टर मारून बघू" म्हणाला तर हात जोडून नको म्हण. टाकी काढून साफ झाल्याशिवाय, सगळे जुने रबरी पाइप आणि फिल्टर बदलल्याशिवाय एक थेंब पंपाकडे जाता कामा नये.

उठवायची पद्धत: प्लग काढ, प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोड, एक दिवस राहू दे. मग क्रँकच्या नटला पाना लावून हाताने फिरव. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलास. फिरलं नाही तर जोर लावू नकोस, परत तेल, परत वाट. इंजिन ऑइल बदल, प्लग बाहेरच ठेवून स्टार्टरने फिरवून ऑइल प्रेशर येतंय का बघ. प्लग लावून सुरू करायचं त्याच्यानंतर.

आणि कधी हेड उघडावं लागलं तर हे भिंतीवर लिहून ठेव: हेड काढल्यावर क्रँक फिरवायचा नाही. यातले सिलिंडरचे लाइनर ब्लॉकमध्ये नुसते बसवलेले असतात, त्यांना हेडनेच खाली दाबून धरलेलं असतं. हेड काढून क्रँक फिरवलास की पिस्टनबरोबर लाइनर वर उचलला जातो, खालची सील फाटते आणि पाणी खाली ऑइलच्या चेंबरमध्ये. मी ज्याच्याकडे पहिल्यांदा काम दिलं होतं त्या वर्कशॉपने माझ्यासमोर हे केलं. मला तेव्हा कळलंही नाही, मी शेजारी उभी राहून कौतुकाने बघत होते.

---

मागच्या_बाकावरून

मला गाड्यांतलं काही कळत नाही पण हे धागे मी कादंबरीसारखे वाचतो.

एक शंका, सत्तरच्या दशकातल्या इटालियन गाड्या एवढ्या गंजायच्या कारण फियाटने रशियात कारखाना उभारून दिला आणि बदल्यात रद्दी रशियन पोलाद घेतलं, असं ऐकलंय. खरं का हो?

---

तेलकट_हात

@बाकावरून, कारखाना खरा. १९६६ साली फियाटचा सोव्हिएत सरकारशी करार झाला, तोल्याती गावात कारखाना उभा राहिला आणि १९७० पासून फियाट १२४ वरून बेतलेल्या गाड्या तिथे बनायला लागल्या. पोलादाची गोष्ट मात्र ऐकीव. आणि एक बघ, अल्फा तेव्हा फियाटची नव्हतीच, १९८६ साली फियाटकडे गेली, तरी त्या काळच्या अल्फाही गंजल्याच ना. मी जेवढे पत्रे कापले त्यात कारण डोळ्यांना दिसत होतं. पोकळ डबे, आत रंग पोचलेलाच नाही, पाणी आत शिरायला दहा वाटा आणि बाहेर पडायला एक, ती पण चिखलाने बंद. कुठल्याही देशाचं पोलाद असू दे, असं ठेवलंस तर सडणारच.

---

हिशेबी_माणूस

सगळे पाने-पकडीवर आलेत, जरा कागदांवर बोलू.

चेसिस नंबर या गाड्यांत इंजिनच्या मागच्या भिंतीवर पत्र्यातच ठोकलेला असतो, तो आणि कागदावरचा अक्षर-अक्षर जुळव. नंबराभोवती वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर तिथूनच नमस्कार. इंजिनचा नंबर चेसिसच्या नंबरासारखाच असेल असं मात्र समजू नकोस, अल्फात ते दोन वेगळेच असतात. पण इंजिन नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून जात कळते, ००५१२ म्हणजे युरोपातली २०००, ००५४८ म्हणजे १७५०, ००५३६ म्हणजे १६००. "ओरिजनल २०००" म्हणून विकताहेत आणि ब्लॉकवर ००५४८ असेल तर गाडी वाईट आहे असं नाही, पण मालक एकतर अजाण आहे नाहीतर फार जाणता आहे.

दुसरं, चेसिस नंबर देऊन अल्फाच्या ऐतिहासिक संग्रहाकडून उगमाचा दाखला मागवता येतो. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, हे त्यात येतं.

तिसरं म्हणजे पैसे. गाडीला जेवढे देशील तेवढेच बाजूला ठेवून मगच सौदा कर. सगळे पैसे गाडीत घातलेस तर ती दोन वर्षं चार ठोकळ्यांवर उभी राहील, मग तुझी जाहिरात येईल "अर्धवट प्रोजेक्ट, वेळेअभावी विकणे आहे". अशा जाहिरातीतली गाडी पण पहिल्यांदा घेऊ नकोस, खोक्यांत भरलेली गाडी म्हणजे दुसऱ्याने सुरू केलेलं जिगसॉ, आणि तीन तुकडे हमखास नसतात.

---

नवा_पाना

बाप रे, एवढं सगळं. मनापासून आभार सगळ्यांचे, प्रिंट काढून खिशात ठेवलंय.

मधेच एक मित्र म्हणतोय हे दोन्ही सोड, फियाट एक्स१/९ घे, छोटी आहे, मधे इंजिन आहे, दिसायला मिनी फेरारी. काय करू?

---

वेबर४०

एक्स१/९ मस्त गाडी. बेर्तोनेची, गान्दिनीच्या हातची, १९७२ची. वळणावर अशी चिकटते की हसू येतं. पण इंजिन सीटच्या पाठीमागे आणि रेडिएटर पुढे, मधे लांबलचक पाण्याचे पाइप गाडीच्या पोटाखालून, त्यात हवा अडकली की गाडी तापते आणि हवा काढणं हा एक वेगळाच योगाभ्यास आहे. इंजिनपर्यंत हात पोचायला लहान मुलाचे हात लागतात. गंजायच्या बाबतीत बहीणच. पहिल्यांदा शिकायला पुढे इंजिन असलेली गाडी बरी, सगळं डोळ्यासमोर असतं.

शिवाय तुझ्या डोक्यात लहानपणापासून स्पायडर आहे ना? मग मित्राला सांग तू घे एक्स१/९. (ह.घ्या.)

---

नवा_पाना

अपडेट. दोन्ही बघून आलो. बसा, लांब आहे.

लाल गाडी आधी. फोन करून सांगितलं होतं थंड ठेवा, गेलो तर बॉनेट गरम. मालक म्हणाला "तुमच्यासाठी जरा वॉर्म-अप करून ठेवली". बरं. चुंबक काढलं तर त्यांचा चेहरा पडला. ड्रायव्हरच्या बाजूच्या उंबरठ्यावर चुंबक दाराच्या मध्यापर्यंत नीट चिकटून आलं आणि पुढे टप्पकन खाली. परत लावलं, परत टप्पकन. साधारण माझ्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत काही चिकटेचना. दुसऱ्या बाजूला दोन जागा. डिकीतला गालिचा नवाकोरा आणि चिकटवलेला होता, उचलू का विचारलं तर नाही म्हणाले. पण दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं, त्याच्या आत बघितलं तर गडद हिरवा रंग! गाडी मुळात हिरवी होती, जाहिरातीत "मूळ लाल" लिहिलंय. जॅक लावायची हिंमत झाली नाही, पण दार लावताना शेवटी जरा वर उचलून लावावं लागत होतं, आधी मला वाटलं ही त्या गाडीची लकब आहे.

तरी सांगतो, परत चालवली, आणि परत घ्यावीशी वाटली. चावी परत देताना हात जड झाला.

मग दुसरी. धूळ एवढी की बोटाने नाव लिहिता येईल. डाव्या उंबरठ्याला पुढच्या टोकाला गंज आहे, उघडा, लपवलेला नाही, स्क्रूड्रायव्हर आत जातो. स्पेअर चाकाच्या खोबणीत एक भोक. बाकी सगळीकडे चुंबक धरून ठेवतं. जॅक लावला, मालकाने स्वतः आणून दिला, फट हलली नाही. नंबर जुळले. मालकाने एक बिस्किटाचा डबा काढला, त्यात सगळ्या पावत्या, तारखेनुसार. मग म्हणाले "बॅटरी आणतो, स्टार्टर मारून बघू". मी ताईंनी सांगितल्याप्रमाणे हात जोडले. ते म्हणाले चला, कुणीतरी वाचून आलंय.

सौदा झाला. पुढच्या आठवड्यात ट्रेलरवरून येतेय. घरच्यांना फोटो दाखवला तर म्हणाले "पैसे आधी दिले का?"

आता प्रश्न. उंबरठ्याचं काम वेल्डिंगवाल्याकडे द्यायचं, की आधी इंजिन बघायचं? आणि सगळी गाडी खोलून एकदमच करावी का, म्हणजे परत परत नको?

---

तेलकट_हात

अभिनंदन रे! लाल हातातून सुटली याचं वाईट वाटेल थोडे दिवस, वाटू दे.

सगळी खोलायची नाही. अजिबात नाही. एक काम घे, पुरं कर, मग दुसरं. वेल्डिंगला देताना एवढं बघ की गाडी चाकांवर किंवा चाकांच्या जवळ टेकलेली असेल, दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी बार टाकलेले असतील, आणि जुना पत्रा कापायच्या आधी दार लावून फट मापून घेतलेली असेल. हवेत लटकवून उंबरठा कापला की गाडी जशी वाकेल तशीच वेल्ड होते, मग दार जन्मात लागत नाही. वेल्डर या तीन गोष्टींवर हसला तर दुसरा शोध.

---

वेबर४०

स्पिकाचं काय ठरलं मग?

---

गॅस्केटताई

@वेबर, जा हो.

@पाना, छान केलंस. आधी इंजिन हाताने फिरतंय का तेवढं बघ, कारण अडकलं असेल तर पैशांचा हिशेब बदलेल. तेल सोडून ठेव आणि ते मुरतंय तोवर ब्रेकला हात घाल. आठ वर्षं उभ्या गाडीचे ब्रेकचे रबरी पाइप आतून फुगतात, बाहेरून ठणठणीत दिसतात. पेडल दाबलं की तेल पुढे जातं पण परत येत नाही, चाक धरून बसतं. चारही चाकांना डिस्क आहेत, सगळे पाइप बदल, कॅलिपर खोल. टायरवर DOT लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघ, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातले आहेत, ते फक्त ट्रेलरवरून उतरवण्यापुरते.

काही काढायच्या आधी फोटो, काढल्यावर पिशवी, पिशवीवर नाव. आणि बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडव.

---

नवा_पाना

टायरवर तीन आकडे आहेत.

पिशव्या आणायला निघालोय.